घोडीचं नाव बदलावं की नाही? अपशकुन असतो म्हणे (मदत हवी आहे)

पिरंगुटची_सून:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचायचे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमच्या लेकीला घोड्यांचं भयंकर वेड, भूगावच्या पुढे एका रायडिंग क्लासला जाते, आणि शेवटी तिच्या मैत्रिणीच्या घरचे आणि आम्ही असे निम्मे निम्मे पैसे घालून एक घोडी घेतली. मारवाडी आहे, कुमैत रंग, चारही पाय पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा, कानांची टोकं वळून एकमेकांना लागतात. दलाल म्हणाला नऊ वर्षांची आहे, स्वभावाने गरीब आहे, नाव मंगला.

आणि इथेच घोडं पेंड खातंय. मंगला हे माझ्या सासूबाईंचं नाव.

पहिल्याच रविवारी आई हौसेने गूळ घेऊन घोडी बघायला आल्या. तेव्हा तबेल्यातले मामा खूर साफ करायला बसलेले, घोडी पाय देईना, तर मामा जोरात ओरडतायत, "मंगले, उचल पाय! उचल म्हणतो ना! नाटकं करते नुसती!" आईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि हातातला गूळ परत पिशवीत टाकला. येताना चांदणी चौकापर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून नाव बदलायचं ठरवलं. लेकीला लूना पाहिजे, मला बिजली बरं वाटतंय. पण मामा ऐकायलाच तयार नाहीत. त्यांची उमर सगळी रेसकोर्सच्या तबेल्यांत गेली, ते म्हणतात, "ताई, घोड्याचं नाव फिरवू नये. नाव फिरलं की घोडं फिरतं." एका मालकाने नाव बदललं आणि तो घोडा थोड्याच दिवसांत पोटशूळ होऊन गेला, हे त्यांनी स्वतः बघितलंय म्हणे. हे म्हणतात थोतांड आहे सगळं. मीही शिकलेली आहे हो, पण उद्या खरंच काही झालं तर आयुष्यभर मनाला लागून राहणार. कुणाला काही माहिती आहे का?

पेठेतला_काका:
सासूबाईंचं नाव बदलता येतंय का बघा. हलके घ्या.

हडपसरची_मी:
हसून हसून पुरेवाट झाली, "नाटकं करते नुसती" 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले, बॉस बघतोय.

रेसकोर्सवाला:
मामांची टिंगल नको, रेसच्या जगात हे मी पण लहानपणापासून ऐकत आलोय. माझा अंदाज असा की हे साहेबाकडून आलेलं आहे, कारण त्यांच्याकडे जहाजाचं नाव बदलणं पण असंच अशुभ मानतात. पुण्याचा रेसकोर्स १८३० चा, लष्कराच्या जागेवरचा, तेव्हा साहेबाबरोबर त्याचे घोडे आले आणि घोड्यांबरोबर त्याच्या समजुती पण आल्या असणार. पावसाळ्यात इथे सीझन चालू असतो तेव्हा सकाळी ट्रॅकवर जाऊन ऐका, कुठल्या पायाने घोडा गेटमध्ये शिरला इथपासून चर्चा असते.

पण कागदावर बघाल तर नाव बदलणं हा निव्वळ अर्ज-फी-शिक्क्याचा मामला आहे. थरोब्रेडचं (म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं) नाव इंग्रजीत, मधल्या मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांत बसवायचं, गाजलेल्या घोड्यांची नावं राखीव असतात ती मिळत नाहीत, आपल्याकडे हे सगळं बघणाऱ्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाचं ऑफिस पुण्यातच आहे. अमेरिकेत घोडा एकदा रेस पळाला की नाव बदलू देत नाहीत. पण हाँगकाँगला बाहेरून आलेल्या घोड्याला सर्रास नवीन नाव देतात. वेर्थर नावाचा घोडा घ्या, हा ऑस्ट्रेलियात बोहेमियन लिली म्हणून पळायचा, हाँगकाँगला आणून नाव बदललं आणि २०१६ ची तिथली डर्बी ही मोठी रेस जिंकला. तिकडे कुठे गेला अपशकुन?

आणि मुळात अशुभ नावाचंच म्हणाल तर एक्लिप्स. १ एप्रिल १७६४ ला इंग्लंडात सूर्यग्रहण होतं, त्या दिवशी जन्मलं म्हणून शिंगराचं नावच ग्रहण ठेवलं. आपल्याकडे ग्रहणात गरोदर बाईला भाजी चिरू देत नाहीत आणि हे लोक बघा. तो घोडा १८ रेस पळाला, एक हरला नाही, आणि आजच्या बहुतेक थरोब्रेडची बापाकडची वंशावळ त्याच्यापाशीच जाऊन पोचते. रेड रम माहिती असेल, आईच्या आणि बापाच्या नावाची शेवटची तीन तीन अक्षरं जोडून केलेलं नाव, इंग्रजीत उलटं वाचलं की मर्डर होतं. त्याने ग्रँड नॅशनल ही इंग्लंडातली मोठी रेस जिंकली १९७३, १९७४ आणि १९७७ ला.

पेठेतला_काका:
आमच्या ऑफिसात एक जण असाच उलटा वाचावा लागतो.

हडपसरची_मी:
मी गंभीरपणे विचारते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बाईचं नाव बदलून टाकतात, आडनाव तर जातंच, पहिलं नाव पण जातं, तेव्हा "नाव फिरलं की बाई फिरते" असं म्हणताना कुणाला ऐकलंय का? घोड्याच्या वेळेला बरा अपशकुन आठवतो. माझ्या आजीला सासरी ठेवलेलं नाव शेवटपर्यंत आवडलं नाही, पण हाक आली की ओ द्यायचीच. तुम्ही बिनधास्त बिजली ठेवा ताई.

जुनं_ते_सोनं:
प्रत्येक धाग्यात लग्न आणलंच पाहिजे का? जुन्या माणसांनी काहीतरी बघूनच सांगितलेलं असतं. मामांनी डोळ्यांनी बघितलंय म्हणतायत ना, मग आपण फ्लॅटमध्ये बसून त्यांना खोटं ठरवणारे कोण?

तर्कटराव:
मामांनी घोडा मेलेला बघितला हे शंभर टक्के खरं. नावामुळे मेला हे त्यांनी कसं बघितलं तेवढं विचारा.

नवशिका_स्वार:
एक बेसिक शंका, घोड्याला आपलं नाव कळतं का मुळात? आमच्या क्लासचा घोडा कुठल्याही नावाला बघतो, खिशात गाजर असलं पाहिजे फक्त.

तर्कटराव:
नाव म्हणून कितपत कळतं ते सोडा, आवाज मात्र पक्का कळतो. ससेक्स युनिव्हर्सिटीच्या लोकांचा २००९ चा प्रयोग आहे, ओळखीचा घोडा समोरून नेला आणि मग पडद्याआडच्या स्पीकरवर दुसऱ्याच घोड्याचं खिंकाळणं वाजवलं, तर बघणारा घोडा लगेच तिकडे वळून जास्त वेळ बघत राहिला, म्हणजे हा चेहरा आणि हा आवाज जुळत नाहीत हे त्याला समजलं. आणि त्याही आधीची बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट. त्याचा मालक सांगायचा की घोडा गणितं सोडवतो, खूर आपटून उत्तर देतो, तिकीट वगैरे काही नसायचं, लोक रांगा लावून बघायचे. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढलं की गणित वगैरे काही नाही, उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, तेवढं बघून घोडा थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा पण नापास.

आता हे इथे लावा. ताई, नाव बदलल्यावर तुम्ही मनात धाकधूक घेऊन लगाम धरणार, मामा कपाळाला आठ्या घालून खरारा करणार. घोडीला नाव कळो न कळो, तुमचा आखडलेला हात तिला पहिल्या मिनिटाला कळणार. मग ती बिचकली की मामा म्हणणार बघा, सांगितलं होतं.

जेजुरीची_लेक:
चारही पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा म्हणजे पंचकल्याणी आहे की तुमची घोडी! आमच्या गावात असली घोडी दारात येणं म्हणजे भाग्य समजतात. नशीब काढलंत. आणि गंमत बघा, इंग्रजांचा घोडा घेण्याचा एक जुना यमकवाला ठोकताळा आहे, एक पाय पांढरा असला तर घ्या, दोन असले तर चालवून बघा, तीन असले तर नीट विचार करा, चारही पांढरे असले तर घेऊच नका. तोच घोडा, तेच पाय. म्हणजे मामांचा साहेबी अपशकुन धरायचा असेल तर घोडी नावाच्या आधी पायांवरूनच बाद होते.

आमच्याकडे बघाल तर खंडोबाचा घोडा हा मुळात मणी दैत्याचा. मरताना शरण आला आणि आपला पांढरा घोडा देवाला देऊन टाकला. शत्रूकडून मालकी बदलली तरी देवाला चालला की तो घोडा.

वारीचं पण घ्या, माउलींचे अश्व येतात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. एकावर स्वार बसतो, दुसरा मोकळा, त्याच्यावर माउली बसलेले असतात अशी भावना. रिंगण झालं की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, त्यात वर्षानुवर्षं तोच घोडा थोडाच असतो? घोडा बदलतो, मान तोच राहतो. मला तरी अशा गोष्टींत नावाचं काही अडलेलं दिसलं नाही. आपले जुने लोक घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या खुणा बघायचे, भोवरे बघायचे, गोम बघायचे, देवमण बघायचे. नावाचा दोष माझ्या कानावर तरी आलेला नाही.

खेडचा_गाडामालक:
राम राम. आमच्याकडं शर्यतीत बैलगाड्याम्होरं घोडी पळती घाटात, म्हंजी शर्यतीच्या धावपट्टीवर, म्हणून बोलतो. आमी नाव बदलत नाय, पण त्ये अपशकुनासाठी नाय. ज्या नावानी घोडी पळली त्या नावाला पैका आसतो. फ्लेक्सवर नाव, समालोचकाच्या तोंडी नाव, घाटात नाव पुकारलं की पब्लिक उभं राहतं. आता त्ये नाव काढून तुमी लूना ठिवलं तर गिऱ्हाईक म्हनल ही कोन? चांगल्या जनावराचं नाव मालक बदलतच नाय. मग बदलतो कोन? ज्याला जुनं नाव कुनाला कळू द्यायचं नाय त्यो. येवढं ध्यानात ठिवा.

रेसकोर्सवाला:
दादांनी मुद्द्यालाच हात घातला. १८४४ च्या इंग्लंडच्या डर्बीत रनिंग रेन नावाचा घोडा पहिला आला. ही डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची असते. नंतर उघडकीला आलं की हा मुळात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा, नाव बदलून उतरवलेला. प्रकरण कोर्टात गेलं, ह्याला बाद करून दुसऱ्या आलेल्या ऑरलँडोला डर्बी दिली. त्या काळात मायक्रोचिप नाही, पासपोर्ट नाही, घोड्याची ओळख म्हणजे नाव, रंग आणि अंगावरच्या खुणा. आता मला सांगा, अशा दोन-चार भानगडी बघितलेला तबेल्यातला माणूस पोराला काय शिकवून जाईल? नाव बदललेल्या घोड्यापासून लांब राहा. पुढच्या पिढीने कारण विसरून फक्त भीती सांभाळली.

पशुवैद्य_शिरूर:
धागा उशिरा बघितला. मामांच्या पोटशूळाबद्दल सांगतो कारण हे मी वारंवार बघतो.

घोड्याचं नाव बदलतं कधी? मालक बदलल्यावर. आणि मालक बदलला की त्याच आठवड्यात काय काय बदलतं बघा. घोडा टेम्पोत उभा राहून शेकडो किलोमीटर येतो, वाटेत धड पाणी पीत नाही. आधीच्या घरी कडबा आणि हरभऱ्याचा भरडा खात होता, इथे एकदम लुसर्न (लसूणघास) आणि पोत्यातलं तयार खाद्य. शेजारचे घोडे नवीन, माणसं नवीन, पाण्याची चव वेगळी. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात जे बिघडतं ते आतच अडकतं, आणि खाणं अचानक बदललं की पोटशूळ व्हायला तेवढं पुरतं. घोडा दगावतो आणि घरच्यांना आठवतं काय, तर नाव बदललं होतं. टेम्पो कुणाला आठवत नाही.

म्हणून ताई, नाव काहीही ठेवा, पण चंदी (घोड्याचं खाणं) आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत. पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, सारखी वळून कुशीकडे बघायला लागली, घाम फुटला, लोळायला लागली, लीद बंद झाली, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो दिवस असो डॉक्टरला फोन, घरगुती काढे पाजत बसू नका.

आणि गाडामालकांचं ऐका. दलालाने दिलेले सगळे कागद नीट वाचलेत का?

जुनं_ते_सोनं:
डॉक्टरसाहेब, पटलं. पण मग मामांचा नियम पाळला तरी नुकसान काय आहे?

पशुवैद्य_शिरूर:
नियम पाळून कुणाचं पोट दुखत नाही, माझी काही हरकत नाही. फक्त नाव तेच ठेवलं म्हणून बेफिकीर राहू नका एवढंच.

पिरंगुटची_सून:
बापरे, किती प्रतिसाद! सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

आधी सासूबाईंचं. मी हा धागा त्यांना वाचून दाखवला (काकांची पहिली कमेंट सोडून). तर त्या म्हणाल्या, नाव बदलायचं काही कारण नाही, पंचकल्याणी घोडी आहे, माझं नाव तिला शोभतंय, फक्त त्या मामांना सांग की अगं-तुगं करायचं नाही. आणि मामांनी हे शब्दशः मनावर घेतलंय. परवा मी स्वतः ऐकलं, "मंगलाताई, जरा पाय उचला बघू." घोडी तरीही पाय देत नव्हती. आई मात्र खूश, गूळ भरवून आल्या.

आता दुसरं. डॉक्टर म्हणाले म्हणून काल कागदांची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. आम्ही आत्तापर्यंत वरची विक्रीची पावतीच बघितली होती. खाली एक चारदा घडी घातलेली जुनी पावती निघाली, कुठल्यातरी जत्रेतली, २०१६ ची. त्यावर लिहिलंय घोडी, कुमैत, पंचकल्याणी, मानेवर डावीकडे भोवरा, वय ६ वर्षं, नाव शेवंता. मी जाऊन बघितलं, डावीकडे भोवरा आहे.

म्हणजे मंगला हे मूळ नावच नाही! मामांना सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, असं असेल तर मूळ नावावर परत गेलं की दोष लागत नाही, शेवंता करा. कालपर्यंत नाव फिरवायचं नव्हतं, आज फिरवायला मुहूर्त बघतायत. आणि आई आता अडून बसल्यात की मंगलाच. लेक अजून लूनावर. माझ्या डोक्यात मात्र तो वयाचा आकडा फिरतोय.

तर्कटराव:
२०१६ ला सहा आणि आज नऊ. घोडी शिकवणी लावून मागे चाललीय.

हडपसरची_मी:
अरे देवा. म्हणजे नाव बदलून वय कमी केलं? हे बायकांना कधी जमलं नाही.

पशुवैद्य_शिरूर:
पावती तिचीच आहे का ते दात सांगतील. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, पण तुम्ही पैसे मोजलेत, तेव्हा दात मोजा. वरच्या जबड्यात समोरच्या दातांपैकी अगदी कडेचा दात बघा, ओठ बाजूने हलकेच वर करून, तोंड उघडायची गरज नाही. त्या दातावर हिरडीपासून खाली येणारी एक उभी तपकिरी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराच्या आसपास दाताच्या निम्म्यापर्यंत येते, विसाच्या सुमाराला पार टोकापर्यंत. घोड्याघोड्यात फरक पडतो, त्यामुळे एवढ्यावर वय ठरवू नका, पण खाच दिसतेय आणि दलाल नऊ म्हणतोय असं झालं तर प्रश्न विचारायला जागा आहे. मामा असताना बघा, एकटीने नको.

पिरंगुटची_सून:
बघितलं. मामांनी ओठ वर धरला, मी मोबाइलच्या टॉर्चने बघितलं. खाच निम्म्याच्या थोडी वरच थांबलीय. मामा दात बघून म्हणाले, "चौदा-पंधरा. ह्याच्यात नाव काय करणार?"

परत द्यायची का यावरून घरात वादावादी झाली, मैत्रिणीच्या बाबांचं म्हणणं पैसे परत मागू. पण पोरींचा जीव जडलाय, आणि घोडी खरंच शांत आहे, लेक पाठीवरून घसरून खाली पडली तर ही जागेवर उभी राहिली, एक पाय हलवला नाही. त्यामुळे घोडी राहणार. दलालाला मात्र फोन लावतोय, उचलत नाहीये.

पशुवैद्य_शिरूर:
नवशिक्या मुलींसाठी पंधरा वर्षांची शांत घोडी ही नऊ वर्षांच्या तापटपेक्षा केव्हाही बरी, किंमत जास्त गेली एवढंच. आता असं करा. दात वर्षातून एकदा तपासून कडा घासून घ्या, या वयात दाढांना टोकं येतात आणि दाणा तसाच लीदेत पडतो. भरडा भिजवून द्या. पाणी भरपूर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलंय माहीत नसेल तर आता द्या. नालबंदी दीड महिन्यापेक्षा लांबवू नका. मोठ्या उड्या नकोत, बाकी फिरवायला हरकत नाही. आणि मायक्रोचिप बसवून घ्या, त्याचा नंबर आणि तो भोवरा, पट्टा, पाय यांचे फोटो एकत्र ठेवा, मग घरात तीन नावांनी हाका मारल्या तरी कागदावर घोडी एकच राहील.

रेसकोर्सवाला:
+१. आणि ती जुनी पावती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ तशीच ठेवा, दलालाशी बोलणं झालंच तर उपयोगी पडेल.

खेडचा_गाडामालक:
ताई, दलालाचं गाव कळवा, दोन फोन लावतो. नाव सांगू नका, त्येबी बदललं आसंल.